स्कूबा शिकताना पाण्याखाली डोकं शांत कसं ठेवायचं?

गोरेगावकर
मंडळी, नमस्कार.
ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स चालू आहे. थिअरी घरी बसून झाली, पूल सेशन्स शनिवार-रविवार उपनगरातल्या एका क्लबात चालतात, आणि समुद्रातले चार डाइव्ह डिसेंबरात तारकर्लीला करायचं ठरलंय. पोहायला लहानपणापासून येतं, त्यामुळे २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं सहज झालं. रेग्युलेटर (टँकमधली हवा तोंडात देणारं उपकरण) तोंडातून काढून परत घेणं, जोडीदाराच्या टँकमधून हवा घेणं, हेही जमतंय.

अडतंय ते मास्कपाशी. अर्धा मास्क पाण्याने भरून नाकाने हवा सोडत रिकामा करायचा, इथवर ठीक. पण मास्क पूर्ण काढून मिनिटभर नुसत्या तोंडाने श्वास घ्यायचा म्हटलं की नाकात पाणी चढतं, छाती धडधडते आणि पुढच्या क्षणी मी पाण्याच्या वर. उभं राहिलं तर डोकं बाहेर येईल एवढंच पाणी आहे, हे पक्कं माहीत असतं. उपयोग शून्य.

इन्स्ट्रक्टर भला माणूस आहे, पण सल्ला एकच देतो: रिलॅक्स. बायकोही तेच म्हणते. रिलॅक्स म्हटल्याने रिलॅक्स झालेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. तेव्हा ज्यांनी हे पार केलंय त्यांनी नेमकं काय केलं ते सांगा. 'सकारात्मक विचार करा' सोडून काहीही चालेल.

निवांत_नाना
वाचतोय. आमच्या घरातही एक उमेदवार आहे.

चिंबोरी
गोरेगावकर, तुमची अडचण मनाची कमी आणि पडजिभेची जास्त आहे.

चांगलं पोहता येणाऱ्यांचं हे हमखास होतं. आपल्याला पोहायला शिकवताना पाण्यात नाकाने हवा सोडायची आणि डोकं बाहेर काढून तोंडाने घ्यायची, असं घोटवलेलं असतं. म्हणजे नाकाचा रस्ता कायम उघडा. मास्क असताना ते खपून जातं. मास्क काढला की श्वास आत घेताना नाकही ओढतं, थेंबभर पाणी घशात उतरतं आणि शरीर बोंब ठोकतं.

टाळूच्या मागच्या मऊ भागाने नाकाची वाट बंद करता येते. फुगा फुगवताना ती आपोआप बंद होते, नाहीतर हवा नाकातून निसटली असती. हेच मुद्दाम करायला शिकायचं आहे. मी शिकवायला मदत करते तेव्हा हा क्रम सांगते:

आधी घरी. बादलीत कोमट पाणी, तोंडात स्नॉर्कल, मास्क नाही. चेहरा पाण्यात आणि श्वास तोंडानेच, आतही आणि बाहेरही. नाकातून एकही बुडबुडा येता कामा नये. सुरुवातीला नाक चिमटीत धरा, मग हळूच चिमूट सोडा. रोज थोडा वेळ. कंटाळा येईपर्यंत करा; कंटाळा आला की समजा झालं.

मग पूलमध्ये उथळ भागात तेच, गुडघ्यावर बसून. इथे एक बारकी गोष्ट कोणी सांगत नाही: मास्क काढलेला असताना मान किंचित खाली ठेवा. नाकपुड्या खाली असल्या की नाकातली हवा तिथेच अडकून राहते आणि पाणी वर चढत नाही. घाबरलेला माणूस नेमकं वर, पृष्ठभागाकडे बघतो आणि नाकपुड्यांतून पाणी आत ओतून घेतो. मान वर करायची ती फक्त मास्क परत घालून रिकामा करताना. वरची कड कपाळाला दाबायची, नजर वर, आणि नाकाने सावकाश हवा सोडायची. फुंकर मारायची नाही. जोरात फुंकलं तर हवा वरच्या कडेने निसटते आणि पाणी आहे तिथेच राहतं.

जलनेती करणारं कोणी ओळखीत आहे का? त्यांना हे पहिल्या दिवशी जमतं. नाकातून पाणी वाहत असताना तोंडाने शांत श्वास घ्यायची त्यांना सवयच असते.

गोरेगावकर
पडजीभ! हे पहिल्यांदाच ऐकतोय. सासरे जलनेती करतात, त्यांच्याकडे तोटीचं भांडंही आहे. आज विचारतो.

भूलतज्ज्ञ
चिंबोरी यांचा प्रतिसाद अचूक. फक्त जलनेती करणार असाल तर पाणी उकळून कोमट केलेलं आणि मीठ घातलेलं हवं. थेट नळाचं नको. नळाच्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत गेल्याच्या घटना दुर्मीळ आहेत, पण जीवघेण्या आहेत.

आता मुद्द्याचं. माझा धंदाच लोकांच्या श्वासावर लक्ष ठेवायचा आहे आणि हौसेने डाइव्हही करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन कमी झाला म्हणून नव्हे, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. टँक भरलेला असतानाही 'हवा पुरत नाही' असं वाटू शकतं ते यामुळे. माणूस घाबरला की उथळ, भराभर श्वास घेतो. एका साध्या श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा आत जाते. त्यातली १५० मिलिलिटर श्वासनलिकेतच राहते, फुप्फुसांच्या कामाची नसते. म्हणजे मिनिटाला १२ श्वास घेतले तर ६ लिटर हवा आत गेली आणि कामी आली ४.२ लिटर. आता निम्म्या मापाचे २४ श्वास घ्या. एकूण हवा तेवढीच, ६ लिटर, पण कामी येते फक्त २.४ लिटर. त्यात रेग्युलेटरच्या पोकळीची भर घाला. शिवाय १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून हवाही दुप्पट दाट, ती आतबाहेर करायला कष्ट जास्त. कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदू ओरडतो 'श्वास घे', माणूस अजून भराभर घेतो. हे चक्र मनाला समजावून थांबत नाही. श्वास बाहेर सोडून थांबतं.

म्हणून माझा सल्ला: आत घेण्याचा विचारच करू नका. लांब, सावकाश बाहेर सोडा, पोट आत जाईपर्यंत. पुढचा श्वास आपोआप खोल येतो. घेताना चार मोजले तर सोडताना सहा-सात.

गंमत अशी की बोटीवर बसून घाबरलेल्या माणसाचं बऱ्याचदा उलटं असतं. गरज नसताना भरपूर हवा आतबाहेर केल्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. त्यावरही उपाय तोच, सावकाश सोडणं.

आणि गोरेगावकर, जरा कडक भाषेत सांगतो. 'पुढच्या क्षणी मी पाण्याच्या वर' हे वाचून काळजी वाटली. वर येताना श्वास धरलेला होता का? टँकमधली हवा छातीत भरून, श्वास कोंडून वर आलात तर ती प्रसरण पावते. १० मीटरवरून पृष्ठभागापर्यंत ती दुप्पट होते, आणि जेमतेम एक-दीड मीटरवरूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते. उथळ पूल म्हणून सूट नाही. घाबरून वर यायचंच झालं तरी तोंडातून हवा सोडत या. मास्कचं जमेल तेव्हा जमेल, हे मात्र पुढच्या सेशनआधी अंगवळणी पडायला हवं.

गोरेगावकर
डॉक्टर, इन्स्ट्रक्टरने हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता. मी हवा सोडतच वर येतो, तेवढं पाठ आहे. पण दीड मीटरचं गणित माहीत नव्हतं. धन्यवाद.

योगसाधक_ठाणे
एवढी चर्चा कशाला? सकाळी कपालभाती आणि कुंभकाचा सराव करा. श्वासावर ताबा आला की पाणी काय आणि जमीन काय.

भूलतज्ज्ञ
साधक, आदर राखून सांगतो: पाण्याखाली कुंभक अजिबात नको. वर लिहिलेला धोका तोच आहे. स्कूबात श्वास कधीच रोखायचा नसतो, हा पहिला नियम. डाइव्हच्या आधी कपालभातीही नको, मुंग्या आणि गरगरणं ओढवून घ्याल. प्राणायामातलं इथे खरोखर उपयोगी काही असेल तर ते दीर्घ रेचक, म्हणजे लांब श्वास सोडणं. कुंभक घरी, सतरंजीवर.

योगसाधक_ठाणे
हे मान्य. रेचकाचा मुद्दा आमचे गुरुजीही सांगतात.

स्पष्टवक्ता
मला एक कळत नाही. एवढी भीती वाटते तर जायचंच कशाला? मुंबईत जिवाला घोर कमी आहेत का? पैसे देऊन घाबरायचं आणि वर लोकांना विचारायचं.

चिंबोरी
स्पष्टवक्ते, मला न घाबरणारे विद्यार्थी जास्त नकोसे वाटतात. टँकमध्ये हवा किती उरली ते दाखवणारं प्रेशर गेज ते बघत नाहीत.

सुलभा_बोरिवली
मी पन्नाशीनंतर शिकले, म्हणून लिहिते. आमच्या ग्रुपमध्ये बाकी सगळी माझ्या मुलाच्या वयाची पोरं.

वेटसूट आधी घालून बघा. मला पहिला जो दिला तो छातीला इतका घट्ट होता की पाण्यात उतरायच्या आधीच गुदमरल्यासारखं झालं. मला वाटलं भीती, निघाला सूट. एक नंबर मोठा घेतला आणि निम्मी भीती गेली. तीच गोष्ट वजनाच्या पट्ट्याची. जास्त वजन लावलं की पाय मारमारून दम लागतो आणि त्या दमालाच आपण घाबरतो.

खाली गेल्यावर मनात काय म्हणायचं यावर मी बरेच प्रयोग केले. रामरक्षा म्हणून पाहिली, पण घाबरल्यावर रामरक्षेची विरार फास्ट होते आणि श्वासही तिच्यामागे धावतो. पाढ्यांचंही तेच. शेवटी बुडबुडे ऐकायला लागले. आपलाच आवाज, पण त्याला घाई करता येत नाही. एक लांब बुडबुड सुरू झाली की ती संपेपर्यंत दुसरं काही करायचं नाही. मास्कमध्ये पाणी आलंय? येऊ दे, ही बुडबुड संपू दे, मग बघू. कोर्समध्ये 'थांबा, श्वास घ्या, विचार करा, मग करा' असं शिकवतात ना, त्यातलं 'थांबा' मला असं जमलं.

दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कोणताही डाइव्ह, कोणीही, कोणत्याही क्षणी रद्द करू शकतं आणि कारण विचारायचं नाही, हा रिवाज आहे. आपल्या लोकांना हे जड जातं. पैसे भरलेत, बोट काढलीय, ग्रुप खोळंबेल, ऑफिसमधले व्हॉट्सअ‍ॅपवर चिडवतील. अंदमानला स्वराज द्वीपवर (आपलं जुनं हॅवलॉक) मी बोटीवरूनच एकदा नाही म्हटलं. त्या दिवशी मन लागत नव्हतं, बस. आमच्या गाईडने मान डोलावली आणि मला शहाळं दिलं. दुसऱ्या दिवशी उतरले. परत फिरायचा रस्ता खरंच उघडा आहे हे कळल्यावर खाली जायला मला कमी भीती वाटली. त्यामुळे ज्यांच्याबरोबर शिकताय ते 'नाही' ऐकून तोंड वाकडं करतात का, ते पूलमध्येच पारखून घ्या. करत असतील तर दुसरे शोधा.

निवांत_नाना
सुलभाताई, हा प्रतिसाद प्रिंट काढून कन्येला देतो. (शहाळ्याचा भाग वगळून, नाहीतर ती तेवढ्यासाठीच नाही म्हणेल.)

दर्यावर्दी_मालवण
मी हयसरच गाईड म्हणान काम करतंय. मुंबयसून येतत तेंका माझा एकच सांगणा: पाण्याक भियाक व्हया, पण घाई करूची नाय.

आता शुद्ध भाषेत लिहितो, नाहीतर निम्मं डोक्यावरून जाईल.

एक, रात्रीची कोकणकन्या पकडून सकाळी कुडाळला उतरायचं आणि तडक बोटीत चढायचं, हे बंद करा. झोप नाही, पोट रिकामं, वर बोटीचा डिझेलचा वास. निम्मे लोक तिथेच गळतात आणि दोष समुद्राला देतात. एक रात्र मुक्काम करा, सकाळी हलकं खा. आदल्या रात्री दारू नको.

दोन, माणसं खाली घाबरतात त्यापेक्षा वर जास्त घाबरतात. बोट हलते, ऊन लागतं, सूट आणि पट्टा आवळून अर्धा तास बसवलेलं असतं. तुमचा नंबर येईपर्यंत सूटची चेन उघडी ठेवा. तोंडावर समुद्राचं पाणी मारा. उतरल्यावर लगेच खाली जाऊ नका. बीसीडीत (हवा भरून तरंगायचं जॅकेट) हवा भरून तरंगा, रेग्युलेटर तोंडात, चेहरा पाण्यात, दोन-तीन मिनिटं नुसते श्वास. मग नांगराच्या दोरीने, पाय खाली, हाताहाताने उतरा. दोरी हातात असली की माणूस वेगळाच असतो. पहिल्या दोन मीटरवर थांबा. कान दुखायची वाट न बघता, दर हातागणिक नाक दाबून हवा द्या. उघडले नाहीत तर थोडं वर या, जोर करू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी किनाऱ्यावर बसा आणि बांगडा खा.

तीन, आमच्याकडे पाणी नेहमी फोटोतल्यासारखं निळं नसतं. हिरवट असतं, कधी गढूळ. मुंबईची माणसं पूलमधल्या टाइल्स बघून शिकतात आणि इथे समोर काहीच दिसेना की दचकतात. रिकाम्या पाण्याकडे बघू नका. खडक, दोरी, गाईडचा हात, काहीतरी जवळचं बघा. पाण्यात वस्तू जवळ आणि मोठ्या दिसतात, हेही लक्षात असू द्या. वीतभर मासा हातभर वाटतो.

चार, आवाज. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगाने जातो, त्यामुळे कुठून येतोय ते कळत नाही. लांबच्या बोटीचं इंजिन डोक्यावरच आहे असं वाटतं. वर बघून उगाच धडपडू नका, गाईडकडे बघा.

पाच, अंगठा! पर्यटक खाली मजेत असतो, मी विचारतो ठीक का, तो खुशीत अंगठा दाखवतो. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. मी नेतो. वर येऊन तो मलाच विचारतो, का आणलं. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करा. ठीक नसेल तर पंजा आडवा हलवा आणि काय बिघडलंय तिकडे बोट दाखवा. मोठे डोळे करून गप्प राहिलेला माणूस मला धडपडणाऱ्यापेक्षा जास्त काळजीत टाकतो.

शेवटचं, वर आल्यावर आधी बीसीडी फुगवा. बोटीचा हात लागेपर्यंत मास्क आणि रेग्युलेटर काढू नका. घाबरलेला माणूस वर येताच हे दोन्ही उपटून टाकतो, आणि मग साध्या लाटेचं पाणी पितो.

स्पष्टवक्ता
अंगठ्याचं ऐकून हसलो. ठीक आहे, माझा वरचा प्रतिसाद थोडा तिखट होता.

आकडेमोड
'हवा संपली तर' या भीतीवर मला आकड्यांचा उतारा लागू पडला. ११ लिटरचा टँक, आतला दाब २०० बार, म्हणजे २२०० लिटर हवा. ५० बार राखीव ठेवून बोटीवर परत यायचं, म्हणजे ५५० लिटर बाजूला. राहिली १६५०. शांत माणूस वर मिनिटाला २० लिटर घेतो असं धरा, १० मीटरवर दाब दुप्पट म्हणून टँकमधून ४० जातात. ४० मिनिटं निघतात. तोच माणूस धापा टाकत दुप्पट घ्यायला लागला तर २० मिनिटं. दोन्ही प्रसंगी गेज समोर आहे, जोडीदाराकडे जास्तीचा रेग्युलेटर आहे, आणि ओपन वॉटरला १८ मीटरच्या खाली कोणी नेत नाही. हवा अचानक संपत नाही, न बघितल्याने संपते.

कांदेपोहे
भीती कमी व्हायची एखादी सौम्य गोळी घेऊन गेलं तर? एका मित्राने घेतली होती म्हणे.

भूलतज्ज्ञ
नाही. अशा गोळ्यांनी सुस्ती येते, निर्णय मंदावतात, आणि खोलीवर त्यांचा परिणाम कसा होईल सांगता येत नाही. ज्यांना नियमित औषधं चालू आहेत त्यांनी ती मनाने बंदही करू नयेत. कोर्सच्या आधी जो आरोग्याचा फॉर्म देतात तो खरा भरा आणि डाइव्हिंग समजणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. दमा, फिट्स, हृदयविकार, पॅनिक अटॅकचा इतिहास, काहीही लपवू नका. सर्दीची गोळी घेऊन उतरणंही वाईट. खाली असताना तिचा असर उतरला तर वर येताना कान-सायनसमधली हवा अडकते.

गोरेगावकर
शनिवारचा वृत्तांत. आठवडाभर बादली केली. (मुलीने व्हिडिओ काढून आख्ख्या खानदानाला पाठवला, ते असो.) पूलमध्ये मान खाली ठेवून मास्क काढला. नाकात थोडं पाणी आलं, पण घशात नाही. पूर्ण मिनिट झालं नाही, मीच परत घातला, मात्र वर न येता. एक प्रश्न: तारकर्लीचं डिसेंबरात जमलं नाही तर पूलचं काम वाया जातं का?

चिंबोरी
वर न येता परत घातला हेच हवं होतं, मिनिट आपोआप होईल. काम वाया जात नाही. इन्स्ट्रक्टरकडून रेफरलचा कागद घ्या. कोर्स पॅडी या डाइव्हिंग संस्थेचा असेल तर पूल आणि थिअरी इथे, चार समुद्री डाइव्ह वर्षभरात दुसरीकडे, असं करता येतं. तारकर्ली, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, अंदमान, कुठेही. फक्त आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात सगळं बंद असतं. आणि अंदमानला गेलात तर परतीचं विमान बघून डाइव्ह ठरवा. शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. मुंबईकर हमखास शेवटच्या सकाळी एक डाइव्ह कोंबायला बघतात.

निवांत_नाना
कन्येचा प्रश्न: चष्म्याचा नंबर उणे चार आहे. खाली काही दिसलं नाही तर घाबरणारच ना? कॉन्टॅक्ट लेन्स चालतात का?

चिंबोरी
नाना, मऊ लेन्स चालतात, कडक नकोत. पण मास्क काढायच्या वेळी डोळे उघडे राहिले तर लेन्स वाहून जाते, म्हणून तेवढ्यापुरते डोळे मिटायचे. पुढे नाद लागलाच तर नंबरच्या काचांचा मास्क मिळतो, तो सगळ्यात सोयीचा. आणि डोळे मिटणार आहोत हे इन्स्ट्रक्टरला वरच सांगून ठेवायला सांगा, नाहीतर पोरगी शांत आणि घाबरलेला तो, असं व्हायचं.